जुने नाणे : घासू नका, पारखा

नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर, इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूर वसले आहे. नरसिंह हे कुलदैवत असलेली घराणी दूरदूरहून येथे येतात. नदीला नाणे वाहण्याची आपल्याकडे जुनी रूढी आहे. त्यामुळे अशा क्षेत्री नदीच्या गाळात, तसेच घराघरांतील देव्हाऱ्यांत आणि फडताळांत जुनी नाणी सापडतात : एखादी शिवराई, एखादा राणीछाप रुपया, भोकाचा पैसा.

असे नाणे हाती आले की बहुतेक घरांत पहिली गोष्ट कोणती होते? चिंच, लिंबू, राख किंवा दंतमंजन घेऊन ते लख्ख घासले जाते. माझ्या मते जुन्या नाण्याचे याहून मोठे नुकसान दुसरे नाही. आणि ते थांबवण्याचे काम विज्ञानाचे विद्यार्थी सर्वांत चांगले करू शकतील.

घासताना काय घडते ते पाहू. तांब्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षे हवा व ओल यांची क्रिया होऊन तपकिरी किंवा हिरवट, कठीण पापुद्रा तयार होतो. तो खालच्या धातूचे रक्षण करतो. चिंचेतील आम्ल तो विरघळवते. राखेचे कण तर अक्षरांच्या कडाच खरवडून काढतात. चांदीवरचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. तो घासून काढला की त्याबरोबर थोडी चांदीही जाते. मग नाणे चमकते खरे, पण भिंगाखाली पाहिले तर त्यावर एकाच दिशेने गेलेले असंख्य ओरखडे दिसतात. जाणकार संग्राहक अशा नाण्याची किंमत ताबडतोब कमी करतो. माती लागलेली असेल तर नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवावे आणि न घासता मऊ कापडाने टिपून घ्यावे. एवढे पुरे. मात्र भुकटीसारखे सुटणारे फिकट हिरवे डाग दिसले, तर ते नाणे इतरांपासून दूर, कोरड्या डबीत ठेवावे.

आता दोष ओळखण्याकडे वळू. दोष तीन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत करणे हीच नवशिक्याची अडचण असते.

पहिला प्रकार टांकसाळीतील. शिवराई पाहा. तिच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे असतात. पण सगळी अक्षरे पूर्ण उमटलेली शिवराई क्वचितच दिसते. ती हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून कडेची अक्षरे चकतीबाहेर राहिली. ही मोडतोड नव्हे. ती नाणे कसे पाडले याची साक्ष आहे.

दुसरा प्रकार वापराने झालेली झीज. घर्षण सर्वांत उंच भागाला आधी गाठते. म्हणून राजाच्या मुकुटाचे नक्षीकाम, भुवई, कान यांकडे आधी पाहावे. तेथील बारकावे शाबूत असतील तर नाणे फारसे फिरलेले नाही.

तिसरा प्रकार माणसाने केलेली इजा : माळेसाठी पाडलेले भोक, डाख दिलेली कडी, कानशीने घासलेली कड. बुजवलेले भोक भिंगातून सापडते. परंतु १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा टांकसाळीतूनच भोकासह बाहेर पडला, हे माहीत असणाऱ्यालाच फरक कळतो.

खरे-खोटे ठरवण्यासाठी तुमच्या प्रयोगशाळेतला तराजू उत्तम. चांदीच्या जुन्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबे. बारीक धाग्याने नाणे टांगून आधी हवेत, मग चंचुपात्रातील पाण्यात त्याचे वजन करा. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढायला विसरू नका. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे पाण्यात वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी भरेल. म्हणजे घनता १०.३ च्या आसपास. तेवढ्याच वजनाचे तांबे-निकेलचे नाणे असेल तर घट १.३१ ग्रॅम, म्हणजे घनता ८.९. समजा, झिजलेला रुपया ११.४० ग्रॅमच भरला आणि पाण्यात १.१० ग्रॅमने घटला. भागाकार केला तर घनता पुन्हा १०.३६. वजनावरून झीज कळते, घनतेवरून धातू कळतो. १९४० पासून रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आली, हेही ध्यानात ठेवा.

एकट्या कसोटीवर मात्र विसंबू नये. चुंबकाला चिकटले म्हणजे खोटे, असे पुष्कळ जण म्हणतात. पण १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि तो खरा असूनही चिकटतो. शिसे मिसळून घनता जुळवता येते. पण शिशाचा नाद बद्द येतो. नाणे बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच वाजवा. फरशीवर आपटू नका. ओतून केलेल्या नकलेवर बुडबुड्यांचे खळगे व कडेला साच्याची रेघ दिसते. १९११ च्या रुपयाची गोष्ट तर बोधप्रद आहे. पंचम जॉर्जच्या अंगावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांपैकी ७ लाखच बाहेर आले होते. ते वाटप थांबले आणि १९१२ पासून हत्तीची सोंड लांब करण्यात आली. म्हणून कोणी १९१२ च्या नाण्यावरील शेवटचा आकडा खोडून १९११ केला, तरी हत्ती त्याची लबाडी उघड करतो.

स्वस्त नाणे कोणते, याचे उत्तर आता सोपे आहे. मोडीच्या दुकानात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगाने मांडलेल्या नाण्यांत चकाकणारे आधी उचलले जाते. काळवंडलेले, पण भुवई-कान शाबूत असलेले मागे राहते. तेच घ्यावे. न झिजलेल्या जुन्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवसाच्या दराने तिची किंमत काढली की विक्रेता नाण्यापोटी जास्त किती मागतो ते कळते. 'घरातले नाणे लाखाला विका' असे निरोप फोनवर येतात, त्यांपासून दूर राहा. आपल्या नावाने असे फसवे व्यवहार चालतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

काही शिक्षक म्हणतील, प्रयोगशाळा हा असल्या छंदाचा अड्डा नव्हे. पण पितळी ठोकळ्याची घनता काढताना उत्तर आधीच पुस्तकात असते. आजीच्या पेटीतील रुपयाचे उत्तर कोठेच छापलेले नसते. खरे मोजमाप शिकायचे ते तेथेच.

आणखी एक जबाबदारी. जमिनीत पुरलेले १० रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. साधे सुटे नाणे मिळाले तरी ते कोठे, केव्हा मिळाले, त्याचे वजन व घनता किती, हे वहीत लिहून ठेवा. जागेची नोंद नसलेली शिवराई म्हणजे तांब्याचा एक तुकडा. नोंद असलेली शिवराई आपल्या गावच्या इतिहासाचे पान ठरते. यंदाच्या सुटीत घरातील एकच नाणे घ्या, त्याला कडेने धरा, मोजा आणि लिहा. घासण्याची चिंच आमटीसाठी राहू द्या.