जनावरांचा वकील पोपट, पाड्याचा कोण?

वाचकहो, बोरिवलीच्या रानांतलीं जनावरें आपलें गाऱ्हाणें घेऊन दिल्लीस पार्लमेंटाकडे जातात, अशा गोष्टीचा 'दिल्ली सफारी' नांवाचा हलत्या चित्रांचा सिनेमा २०१२ सालीं निघाला. निखिल अडवाणी यांनीं तो केला व त्यास राष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें. आम्हीं तो आमच्या शाळेंत मुलांस दाखविला. खेळ संपल्यावर पाड्यावरच्या एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, ह्यांच्यांत आमची माणसं कुठं हायत?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तें आज लिहितों.

गोष्ट अशी. रान तोडून घरें बांधणाऱ्यांचीं यंत्रें येतात. बिबट्या सुलतान मारला जातो. त्याची बायको बेगम, पोर युवराज, बजरंगी वानर व बग्गा अस्वल दिल्लीस निघतात. पण सरकारास जनावरांची भाषा कळत नाहीं. म्हणून माणसाच्या घरीं पाळलेला, माणसासारखा बोलणारा अलेक्स पोपट सोबत घ्यावा लागतो. पोपट आधीं राजी नसतो. कसा असेल? रान तुटलें म्हणून त्याचें काय तुटलें?

शेतकरी-कारागीर बंधूंनो, हा पोपट आपल्या ओळखीचा आहे. आपला अर्ज तो लिहितो, साहेबापुढें तोच बोलतो, आणि काय बोललों तें आपल्यालाच सांगत नाहीं. साहेबाची भाषा येणें हा गुन्हा नव्हे. जोतीराव फुल्यांसहि इंग्रजी येत होतें. पण १८८८ सालीं पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्कारास ते शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि येथें जमलेली नटलेली मंडळी म्हणजे खरी रयत नव्हे, असें त्यांनीं राजपुत्रास ऐकविलें. भाषा राजाची, व्यथा कुणब्याची. पोपटांत आणि पुढाऱ्यांत फरक तो हाच.

आतां त्या रानाकडे पाहूं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें. एका अंगास बोरिवली, दुसऱ्या अंगास मुलुंड. त्यांत बिबटे आहेत, तसे वाघोबास पूजणाऱ्या वारल्यांचे पाडेहि आहेत. लागूनच आरे. तेथें २०१९ च्या ऑक्टोबरांत रात्रीं झाडें तोडलीं गेलीं, तेव्हां पाड्यांवरचे लोक रस्त्यावर आले होते. परंतु मुंबई उपनगर जिल्ह्यांतील विधानसभेच्या २६ जागांत आदिवासींसाठीं राखीव एकहि नाहीं. संख्या थोडी, असें कारण सांगतात. हिशेब बरोबर असेल. पण थोड्यांनीं बोलावें कोणाच्या तोंडानें?

१९१९ च्या सुधारणांत मुंबई इलाख्यांत मराठे व तत्सम जातींस ७ राखीव जागा मिळाल्या. त्या मागणाऱ्या आपल्या वडिलांसहि सांगण्यांत आलें होतें कीं, तुमच्या वतीनें बोलणारे शहाणे आहेतच. ज्यांनीं हें ऐकलें, त्यांच्या नातवांनीं आज पाड्यास तेंच ऐकवूं नये. २००६ च्या वनहक्क कायद्यानें दावा ग्रामसभेपुढें मांडावयाचा असतो. तेथें वारली बोलूं लागला म्हणजे आपण त्याच्या शेजारीं बसावें, पुढें नव्हे.

मुली, दिल्लीस जाणाऱ्या त्या मेळ्यांत तुझीं माणसें नव्हतीं. बिबट्याच्या तोंडीं शब्द घालणें सोपें असतें. "मी असें म्हणालोंच नव्हतों" असें सांगावयास तो येत नाहीं. तूं येशील. म्हणून तूं शीक, आणि शिकून पाड्यावर परत ये.