हुंकार द्यायला कोणी हवं

लातूरहून एका मुलीचं पत्र आलंय. जपानीची एन-फोर परीक्षा ती पास झाली आहे. 'आता जपानला गेल्याशिवाय बोलता येणार नाही,' असं तिला क्लासमध्ये सांगतात. वडील जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. काढू का, असं ती विचारते.

नको. निदान भाषेसाठी तरी नको.

मी पुण्यात २३ वर्षं जपानी शिकवते. माझा एक विद्यार्थी दोन वर्षं तोक्योजवळ राहून आला. खोलीत तिघं मराठी, ऑफिसचं काम इंग्रजीत, दुकानात वस्तू काउंटरवर ठेवायची आणि कार्ड लावायचं. जेवढी जपानी घेऊन गेला, तेवढीच घेऊन परतला. आपल्याला याचं नवल वाटू नये. तीस-तीस वर्षं मुंबईत राहून मराठीचं एक वाक्य न बोललेली माणसं आपल्या शेजारीच राहतात.

दुसरी विद्यार्थिनी चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. तिच्या पासपोर्टवर आजही एक शिक्का नाही. जपानी इंजिनिअर आणि लाइनवरची मुलं यांच्या मधे ती रोज आठ तास उभी असते. पहिले सहा महिने घरी येऊन रडायची. कापलेल्या धातूच्या कडेला जी बर राहते, तिला जपानीत 'बारी' म्हणतात, हे आमच्या एकाही पुस्तकात नव्हतं. पण मशीन थांबलंय, दोन्हीकडची माणसं तोंडाकडे बघतायत, अशा वेळी शब्द आठवावा लागतो, नाहीतर हातवारे करून मागून घ्यावा लागतो. तसा मागून घेतलेला शब्द ती विसरली नाही. आता फोनवर पलीकडचे विचारतात, 'जपानात कुठे राहत होता?'

खरं तर मराठी माणसाला ही भाषा जवळची पडते. 'एकी नि इकिमास' म्हणजे 'स्टेशनला जाते'. 'नि' हा आपला 'ला', आणि क्रियापद शेवटी. अडतं ते बोलताना. जपानीच्या या परीक्षेत, म्हणजे जेएलपीटीत, वाचायचं असतं, ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. एन-वन ही सगळ्यात वरची पातळी पास झालेली मुलं फोन वाजला की त-त-प-प करतात. परीक्षेत नाही म्हणून वर्गात नाही, याचा मला मनापासून राग येतो. सुरुवातीची काही वर्षं मीही तसंच शिकवलं.

जपानी माणूस बोलत असला की ऐकणाऱ्यानं मधेमधे 'हाइ', 'सो देसु ने' म्हणत राहायचं असतं. याला आइझुची म्हणतात. आजी गोष्ट सांगताना आपल्याकडून हुंकार घ्यायची, तसंच. गप्प राहिलं तर सांगणारा अडखळतो. हुंकार कुठे आणि किती द्यायचा, ते पुस्तकातून येत नाही. समोर माणूस लागतो. त्या देशात राहण्याचा मोठा लाभ हाच: बसमधल्या म्हातारीच्या गप्पा, पोरांची भांडणं, चिडलेला आवाज. तो लाभ मी नाकारणार नाही. नोकरी मिळाली तर अवश्य जावं.

पण बोलायला माणूस लातूरमध्येही मिळेल. ओसाका आणि तोक्योच्या विद्यापीठांत हिंदी शिकणारी मुलं आहेत, आणि त्यांनाही हिंदीत बोलायला कोणीतरी हवं असतं. अर्धा तास त्यांची हिंदी, अर्धा तास तुझी जपानी. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे रात्रीचे दहा झालेले असतात. अभ्यास आटोपून मुलं मोकळी होतात.

तेव्हा जमीन राहू दे. आठवड्यातून तीन संध्याकाळी फोन लाव. पहिला महिना वाक्यं जुळली नाहीत तरी चालेल, हुंकार मात्र देत राहा. दुसऱ्या महिन्यात मला लिही.