विजेची शर्यत आणि बसची रांग

येत्या १५ आणि १६ ऑगस्ट २०२६ रोजी, शनिवार-रविवारी, पूर्व लंडनमध्ये विजेवर धावणाऱ्या मोटारींच्या दोन शर्यती ठरल्या आहेत. 'फॉर्म्युला ई' या जागतिक स्पर्धेच्या २०२५-२६ च्या हंगामातील १७ शर्यतींपैकी या शेवटच्या दोन. त्या शनिवारी आपल्याकडे स्वातंत्र्यदिन असेल. सकाळी झेंडावंदन करून आलेली आपलीच मुले संध्याकाळी पडद्यापुढे बसतील आणि 'महिंद्र', 'टीसीएस' ही ओळखीची नावे शर्यतीच्या मोटारींवर पाहून त्यांना अभिमान वाटेल. त्या अभिमानाची टर उडविण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु या दोन दिवसांच्या देखाव्यातून जो विचार आपल्या गळी उतरविला जाणार आहे, त्याची तपासणी आधीच करून ठेवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. तो विचार असा : धूर न सोडणारी मोटार वेगाने धावली की पृथ्वी वाचली, आणि एखाद्या शहराने अशा मोटारींसाठी आपले रस्ते व आपली तिजोरी मोकळी केली की ते शहर पुढारले. यातील पहिले विधान अर्धसत्य आहे. दुसरे असत्य आहे.

प्रथम अर्धसत्याकडे वळू. विजेची मोटार ही वाईट वस्तू आहे असे कोणी समजू नये. यंत्राला शत्रू मानणारा समाजवाद हा समाजवादच नव्हे. या स्पर्धेची पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगमध्ये झाली. तेव्हा बॅटरीची शक्ती इतकी तोकडी होती की पहिल्या चार हंगामांत प्रत्येक चालकाला मध्येच उतरून दुसऱ्या मोटारीत बसावे लागे. २०१८-१९ पासून एकच बॅटरी संपूर्ण शर्यत पुरू लागली. ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती पुन्हा बॅटरीत भरून घेण्याची युक्ती तर एवढी सुधारली की अलीकडच्या मोटारी शर्यतीत वापरलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ऊर्जा अशा रीतीने परत मिळवितात. अभियंत्यांच्या आणि कामगारांच्या बुद्धीचे हे यश आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

परंतु याच युक्तीचा सामाजिक अर्थ काय होतो, याचा विचार करा. थांबताना शक्ती परत मिळत असेल, तर तिचा खरा लाभ वारंवार थांबणाऱ्या वाहनाला होईल. आणि आमच्या शहरांत वारंवार थांबणारे, दिवसभर रस्त्यावर असणारे, एका फेरीत पन्नास-साठ माणसे वाहणारे वाहन कोणते? ती बस आहे. शर्यतीच्या मोटारीत एक माणूस बसतो. खाजगी मोटारीतही बहुधा एकच बसतो. डिझेलच्या जागी वीज आली म्हणून त्या एका माणसाने अडविलेला रस्ता लहान होत नाही. अनेक बॅटऱ्यांना लागणाऱ्या कोबाल्टचा बहुतांश काँगोच्या खाणींतून येतो आणि त्यांतील काही खाणींत लहान मुले राबतात. ते पापही विजेमुळे धुतले जात नाही. स्पर्धेचे चालक म्हणतात, आम्ही आमच्या कार्बनची भरपाई करतो. भरपाई करावी लागते, याचाच अर्थ कार्बन सोडला जातो. साओ पावलो, मेक्सिको, मायामी, जेद्दा, माद्रिद, बर्लिन, मोनॅको, सान्या, शांघाय, तोक्यो, लंडन असा मोटारींचा संसार वर्षभर जगभर फिरवायचा आणि इतरत्रच्या प्रकल्पांना पैसे देऊन हिशेब शून्यावर आणायचा, ही जमाखर्चाची सोय झाली. यात जेद्दाचेही नाव आहे. खनिज तेलावर उभे असलेले राज्य विजेच्या शर्यतीचे यजमान होते, यावरून अर्थ ज्याने त्याने घ्यावा.

आता ज्या भूमीवर ही शर्यत व्हायची आहे, तिच्याकडे पाहू. जागा आहे 'एक्सेल' हे प्रदर्शन केंद्र. शर्यतीचा मार्ग काही अंतर त्या इमारतीच्या आतून जातो. धूर नसल्यामुळेच हे शक्य होते. ही इमारत रॉयल व्हिक्टोरिया गोदीच्या काठावर उभी आहे. ही गोदी १८५५ साली सुरू झाली. या परिसरातील गोद्यांत पूर्वेकडील बोटी लागत आणि त्या बोटींवर आमच्या रत्नागिरीचे व गोव्याचे खलाशी आणि खानसामे असत. ऑगस्ट १८८९ मध्ये लंडनच्या गोदी-कामगारांनी तासाला ६ पेन्स मजुरी मिळावी म्हणून संप पुकारला. बेन टिलेट, टॉम मान, जॉन बर्न्स यांनी तो लढविला. ऑस्ट्रेलियातील कामगारांनी सुमारे ३०,००० पौंड पाठवून तो टिकविला. आणि महिन्याभरात तो जिंकला गेला. त्यानंतर शतकही लोटण्यापूर्वी, १९८१ साली, या गोद्या बंद पडल्या. पाणी राहिले, काम गेले. २००० साली तेथे प्रदर्शन केंद्र उघडले आणि २००८ पासून ते अबुधाबीच्या सरकारी कंपनीच्या मालकीचे आहे. भोवतालचा न्यूहॅम विभाग मात्र आजही इंग्लंडमध्ये तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढणाऱ्या बेघर कुटुंबांच्या प्रमाणात अग्रभागी आहे.

मुंबईच्या वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे जे झाले, तेच तेथे गोदीचे झाले. श्रमाची जागा प्रथम ओस पडते, मग ती 'विकसित' होते आणि शेवटी तेथे ज्यांनी घाम गाळला त्यांची नातवंडे तिकीट काढून आत जाऊ शकली तर जातात. शर्यतीने हे घडविले असे कोणी म्हणणार नाही. परंतु असे घडल्यावर त्यावर जो रंग चढवायचा असतो, तो चढविण्याचे काम शर्यत करते.

अभिमानाच्या नावांविषयीही एक शब्द लिहिणे भाग आहे. जग्वारच्या संघाच्या नावात ज्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे नाव जोडलेले आहे, त्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. नाव झळकविण्यास पैसा असतो आणि माणूस राखण्यास नसतो, असा हा ताळेबंद आहे. तो कोणा एका मालकाच्या दुष्टपणातून निघालेला नाही. नफ्याचा नियमच तसा आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, लंडनची गोष्ट लंडनपाशी. तसे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हीच स्पर्धा हैदराबादला, हुसेनसागराच्या काठी आली होती. सुमारे २.८ किलोमीटरचा सार्वजनिक रस्ता शर्यतीचा मार्ग बनला. जाँ-एरिक व्हेर्न हा फ्रेंच चालक जिंकला. पुढच्या शर्यतीचा करार झाला. मग डिसेंबर २०२३ मध्ये राज्यात सत्तांतर झाले, नव्या सरकारने करार पाळण्यास नकार दिला आणि १० फेब्रुवारी २०२४ ची शर्यत रद्द झाली. डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने तत्कालीन मंत्र्यांसह काहींवर गुन्हा नोंदविला. हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाच्या तिजोरीतून सुमारे ५५ कोटी रुपये आवश्यक मंजुरीवाचून स्पर्धेच्या लंडनस्थित कंपनीला दिले गेले, असा आरोप आहे. संबंधित मंत्र्यांनी तो नाकारला आहे. अपराध कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि त्यात आपण शिरू नये. परंतु एक गोष्ट सिद्ध होण्यास न्यायालयाची गरज नाही : ज्या कराराने नगरीचे कोट्यवधी रुपये गुंतले, तो करार नगरीच्या लोकांसमोर वेळीच आला नाही.

शर्यतीचे समर्थक सांगतात की, त्या दोन दिवसांत राज्याला सुमारे ७०० कोटींचा लाभ झाला. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला असे आकडे पाहून आश्चर्य वाटत नाही. कारण ते कसे तयार होतात हे त्याला ठाऊक असते. पाहुण्याने हॉटेलात दिलेला रुपया मोजला जातो. पण वाहतूक बंद असल्याने ज्या दुकानदाराची विक्री झाली नाही आणि ज्या रिक्षावाल्याचा दिवस बुडाला, त्यांचा रुपया वजा केला जात नाही. शहरातल्याच माणसाने सिनेमाऐवजी शर्यतीचे तिकीट घेतले, तर तो खर्च नवा नसतो, केवळ जागा बदललेला असतो. दूरचित्रवाणीवर शहर दिसले म्हणून त्याची 'प्रसिद्धीची किंमत' धरली जाते. ती किंमत कोणाच्याही खिशात पडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संधी-खर्च, म्हणजे त्याच पैशातून दुसरे काय होऊ शकले असते, हा प्रश्न विचारलाच जात नाही. विजेची मोठी बस ढोबळमानाने दीड कोटीला धरली, तरी ५५ कोटींत पस्तीसहून अधिक बस येतात. त्या दोन दिवस नव्हे, दहा-बारा वर्षे धावल्या असत्या.

आमच्या महाराष्ट्रात हा प्रश्न अधिकच जळजळीत आहे. एस. टी. महामंडळाने विजेच्या ५,१५० बस भाड्याने घेण्याचा व्यवहार केला. त्या ठरल्या वेळी आल्या नाहीत. मे २०२५ मध्ये, जेमतेम दोन-अडीचशे बस दाखल झाल्या असताना, परिवहनमंत्र्यांवर ती निविदा रद्द करण्याचे आदेश देण्याची पाळी आली. त्याच वर्षी जानेवारीत एस. टी. चे भाडे जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले आणि मे महिन्यात मुंबईच्या 'बेस्ट'च्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. म्हणजे वीज आली ती कंत्राटदाराच्या मार्फत, उशिरा आणि थोडी. भाडेवाढ मात्र थेट आणि वेळेवर आली. ज्या राज्यात तालुक्याच्या कॉलेजला जाणारी मुलगी फाट्यावर तासभर ताटकळते, त्या राज्याच्या विजेवर पहिला हक्क कोणाचा, हे सांगण्यास पदवी लागत नाही.

आपल्यावर असा आक्षेप येईल की, या मंडळींना खेळ नको, आनंद नको, यांना सर्वत्र शोषणच दिसते. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. खेळाला आपला विरोध नाही. ज्याला शर्यत भरवायची असेल त्याने स्वतःच्या जागेत, स्वतःच्या जोखमीवर, सर्व कर भरून ती खुशाल भरवावी. आपला विरोध आहे तो नफा खाजगी आणि जोखीम सार्वजनिक या व्यवस्थेला. ग्रेटर नोएडाचा अनुभव ताजाच आहे. शेतजमिनी संपादन करून उभारलेल्या तेथील मार्गावर पेट्रोलच्या मोटारींची 'फॉर्म्युला वन' शर्यत २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे टिकली आणि करांच्या वादात बंद पडली. पाहुणे गेले. शेत मात्र परत आले नाही.

आणि लोकांना काहीच करता येत नाही, असेही नाही. लंडनमध्ये २०१५ व २०१६ साली ही शर्यत बॅटरसी उद्यानात झाली. सार्वजनिक बाग आठवडेच्या आठवडे कुंपणात का, असा प्रश्न रहिवाशांनी उभा केला आणि ते न्यायालयात गेले. २०१६ नंतर शर्यतीला ते उद्यान सोडावे लागले. ती लढाई जिंकणारी माणसे आपल्या विचाराची होती असे नव्हे. त्यांना आपली बाग हवी होती, एवढेच. हक्काची जाणीव असलेल्या सामान्य नागरिकांची संघटना पुरेशी असते, हा त्यातील धडा आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी चार मागण्या आतापासून मांडून ठेवाव्यात. आपल्या कोणत्याही शहरात अशी शर्यत आणावयाची असेल, तर संपूर्ण करार सही होण्यापूर्वी महापालिकेच्या सभेत व वृत्तपत्रांत आला पाहिजे. सार्वजनिक निधीतून एक पैही खर्च होता कामा नये. आणि बंद रस्त्यांमुळे ज्यांची रोजी बुडेल त्यांची भरपाई संयोजकांनी आगाऊ अनामत ठेवून केली पाहिजे. आणि विजेच्या वाहनांसाठी सरकार जो रुपया मोकळा करील, तो प्रथम सार्वजनिक मालकीच्या बसवर, तिच्या आगारावर आणि तिच्या कायम नोकरीतील चालक-वाहकांवर खर्च झाला पाहिजे.

१५ ऑगस्टच्या संध्याकाळी मुलांना शर्यत जरूर पाहू द्यावी. त्यांना ब्रेकमधून वीज परत कशी मिळते हे समजावून सांगावे. १८८९ च्या गोदी-कामगारांचीही गोष्ट सांगावी. आणि सोमवारी सकाळी त्यांच्यासह बसच्या रांगेत उभे राहून विचारावे की, ही वीज आपल्या थांब्यापर्यंत कधी येणार? ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांना तो प्रश्न रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकू जाईल, अशी व्यवस्था करणे हे आपले काम आहे.