गोठ्याच्या आधी जमीन!

बालमित्रांनो,

मागे आपण पावसाळ्यातल्या भाज्यांच्या गप्पा मारल्या होत्या. आज एक वेगळीच गोष्ट सांगते. ती आमच्या घरचीच आहे, आणि थोडी दुःखाचीही आहे.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. सगळं काळ्या मातीचं वावर. सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिकं. माझ्या मोठ्या दादानं जोडधंदा म्हणून दहा बकऱ्या घेतल्या आणि त्यांच्यासाठी धुऱ्याजवळ टिनाची छोटी शेड बांधायचं ठरवलं. मी म्हटलं, "दादा, आधी जागा नीट तयार कर." तो हसला. "अवं बाई, तिथं काय मोजाचं? चार खांब ठोकाचे, फरशा टाकाच्या अन् वरून टिन!"

तसंच केलं. उन्हाळ्यात शेड अगदी झोकात दिसायची. मग जुलैची झड लागली. आजूबाजूचं पाणी शेडमध्येच शिरायला लागलं. फरशा एखादी पुरी फुगावी तशा मधून उचलल्या गेल्या. एक खांब कलला, टिन सरकलं आणि वरूनही गळायला लागलं. बकऱ्या रात्रभर ओल्यात उभ्या. आठ दिवसांत दोन पिल्लं खोकून खोकून दगावली. "औषधापेक्षा कोरडी जमीन जास्त गरजेची होती," असं पशुवैद्यक डॉक्टर म्हणाले. वहिनी दोन दिवस नीट जेवली नाही.

चूक कोणाची? पावसाची? टिनाची? नाही. चूक होती पायाखाली काय आहे हे न पाहण्याची!

काळी माती अशी का वागते?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या भागात लाव्हारस पसरला. त्याचा बेसाल्ट, म्हणजेच काळा दगड झाला. तो झिजून झिजून ही काळी माती बनली. तिच्यात चिकणमातीचे इतके बारीक कण असतात, की ते पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून तर मे महिन्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकासाठी ही माती सोन्यासारखी, कारण ती ओल धरून ठेवते. पण जी दर वर्षी वरखाली होते, तिच्यावर फरशी स्थिर कशी राहणार?

पुढच्या उन्हाळ्यात दादानं सगळं मोडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी मोजमापाची वही माझ्या हातात होती!

आखणी : गणित इथं उपयोगी पडतं

शेड १६ फूट लांब, ११ फूट रुंद ठरली. पण चारही बाजूंनी दोन-दोन फूट जास्त जागा पक्की करायची, म्हणजे कडा ढासळत नाहीत. म्हणून आखणी २० × १५ फुटांची. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, त्यामुळे दुपारचं ऊन कमी आत येतं. खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली आणि चुन्याची फक्की मारली.

कोपरे काटकोनात आहेत हे कसं ओळखायचं? दोन्ही कर्ण मोजायचे. २० चा वर्ग ४००, १५ चा वर्ग २२५, बेरीज ६२५. म्हणजे कर्ण बरोबर २५ फूट! आमचा एक कर्ण २५ फूट भरला आणि दुसरा साडेचोवीस. दादा म्हणाला, "चालते ना अर्धा फूट?" मी म्हटलं, "टिनाला विचार, त्याला चालते का!" मग खुंटी सरकवली.

लहान ट्रॅक्टर, मोठं काम

आता आला मिनी ट्रॅक्टर. गावातल्या महिला बचत गटाचा होता, तो भाड्यानं घेतला. आपल्या राज्यात सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे असे ट्रॅक्टर अनुदानावर मिळाले आहेत. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद. मोठा ट्रॅक्टर धुऱ्यावरच्या लिंबाच्या झाडामधून वळलाच नसता. हा मात्र सहज आत शिरला.

आधी दात्यानं जमीन उकरली. मग मागं जोडलेल्या पाटीनं एक फूट काळी माती खरडून काढली. ती फेकली नाही बरं का! शेजारच्या खडकाळ तुकड्यावर पसरली. तिथं आता तूर येते.

नंतर मुरूम. एक फूट खड्डा आणि जमिनीच्या वर एक फूट, म्हणजे दोन फूट भर. २० × १५ × २ = ६०० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून ६ ब्रास. पण दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून पाव भाग जास्त, साडेसात ब्रास मागवला. मुरूम हे गौण खनिज आहे. त्यासाठी परवानगी घेऊन रॉयल्टी भरावी लागते, वाटेल तिथून खणता येत नाही.

सगळा मुरूम एकदम ओतून दाबला तर वरचा थर घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो. लहान ट्रॅक्टरचं वजन तर कमीच. म्हणून सहा-सहा इंचांचे थर दिले. प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं, ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि चाक पोचत नाही तिथं हातानं धुम्मस करायचं.

पाणी किती? अमेरिकेतले अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की मातीत ठरावीक ओल असली तरच ती सगळ्यांत घट्ट बसते. कोरडे कण एकमेकांवरून सरकत नाहीत. पाणी जास्त झालं तर कणांमधली जागा पाणीच अडवून बसतं. घरगुती परीक्षा सोपी आहे. मुरुमाचा लाडू वळा. लगेच भुगा झाला तर पाणी कमी. हाताला चिकटला तर जास्त. दाबल्यावर दोन तुकडे झाले तर अगदी बरोबर!

शेवटी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल पाहिली. (नळीत हवेचा बुडबुडा नको!) दर १० फुटांना दोन इंच उतार ठेवला आणि भोवती चर खोदला. खांबांचे खड्डे मात्र काळी माती संपून कडक मुरूम लागेपर्यंत खोल नेले.

एक गोष्ट कधीच विसरू नका

काम सुरू असताना माझा भाचा मडगार्डवर बसायचा हट्ट धरून होता. दादा ठाम होता, "सीट एक, माणूस एक!" ट्रॅक्टर मागे येताना चालकाला लहान मूल दिसत नाही. मडगार्डवरून घसरलं की थेट चाकाखाली. लहान ट्रॅक्टरसुद्धा खड्ड्याच्या काठावर किंवा उतारावर आडवा नेला तर उलटू शकतो. आणि फिरत्या शाफ्टजवळ ओढणी, पदर न्यायचाच नाही. आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे हं!

त्या पावसाळ्यात झड आली, पाणी चरातून वाहून गेलं आणि बकऱ्या कोरड्या जागेवर निवांत रवंथ करत बसल्या. वहिनी रात्री कंदील घेऊन तीनदा पाहून आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा हसत होती.

करून पाहा : दोन वाट्या घ्या. एकीत काळ्या मातीचा, दुसरीत मुरुमाचा चिखल काठोकाठ दाबून भरा. चार दिवस उन्हात ठेवा. कुठल्या वाटीत कडेला फट पडली? वहीत चित्र काढा.

सांगा पाहू : २४ × १८ फुटांच्या जागेचा कर्ण किती? आणि एक फूट भर घालायला किती ब्रास मुरूम लागेल? (दाबल्यानंतरचा हं!) उत्तर पुढच्या आठवड्यात.

तुमची,
बाई