ग्रीक ही फक्त पाळकांची मालमत्ता नाही



मंडळीत कोणी "ग्रीक शिकू या" म्हटले की तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले उत्तर, ते पाळकांचे काम आहे. दुसरे, आपल्या हातात मराठी पवित्र शास्त्र आहे, मग मूळ भाषा कशाला? तिसरे खास आपल्या हुबळी-धारवाडचे: घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी, आता पाचवीचे ओझे कोण उचलणार? एका मंडळीत उपासनेनंतर अर्धा तास ग्रीक अक्षरे शिकवावीत अशी विनंती आली होती. ती याच तीन उत्तरांवर परत गेली. आम्हाला ही तिन्ही उत्तरे मान्य नाहीत, आणि का मान्य नाहीत ते आज स्पष्ट सांगायचे आहे.

पहिले उत्तर घेऊ. नवा करार ज्या ग्रीकमध्ये लिहिला गेला तिचे नाव कोईने. त्या शब्दाचा अर्थच "सर्वांची, सामाईक" असा आहे. पंडितांची ती भाषा नव्हे. १८९६-९७च्या हिवाळ्यापासून मिसर देशात ऑक्सिरिंकस या गावाच्या जुन्या उकिरड्यांतून हजारो पपायरस निघाले. त्यांत हिशेब, पावत्या, अर्ज आणि घरी लिहिलेली पत्रे आहेत. अशा कागदांवरून अडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिले की नव्या कराराची भाषा तीच आहे, रोजच्या व्यवहाराची. आपल्या दुर्गदबैल बाजारात भाजीवाली आणि गिऱ्हाईक ज्या सहजतेने बोलतात त्या जातीची ती भाषा. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया ती बोलत होती, जकातदार बोलत होते, शिपाई बोलत होते. बाजारातून आलेली ही भाषा आज आपण व्यासपीठावर कुलूप लावून ठेवतो आणि त्याला नम्रता म्हणतो. हे उलटे नाही का?

आणि मराठी मंडळीने तर हे उत्तर देऊच नये. मराठीत नवा करार प्रथम छापून आला तो १८११ साली, विल्यम केरी यांच्या सेरामपूरहून. हे केरी कोण? मोच्याच्या हाताखाली काम शिकणारा एक खेड्यातला मुलगा. एका पुस्तकात त्याला ग्रीक शब्द दिसले. ते उतरवून घेऊन तो आपल्या गावच्या एका विणकराकडे अर्थ विचारायला गेला. विद्यापीठ नाही, दीक्षा नाही. चामडे शिवणारा हात आणि माग चालवणारा हात, एवढ्यावर सुरुवात झाली. तेव्हा कोणी त्याला "हे पाळकांचे काम" म्हणून गप्प केले असते, तर मराठी नवा करार आपल्या पणजोबांच्या हाती कधी पडला असता?

आता दुसरे उत्तर. मराठी पवित्र शास्त्र आम्हालाही प्राणप्रिय आहे. त्यावर आमचा विश्वास पोसला गेला. पण ज्यांनी ते आपल्याला दिले त्यांनी काय केले ते पाहा. पंडिता रमाबाई १८५८ साली आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जन्मल्या. संस्कृत त्यांना मुखोद्गत, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना सरस्वती म्हटले. केडगावच्या मुक्ती मिशनात शेकडो विधवा आणि अनाथ मुलींचा संसार त्यांच्या खांद्यावर होता. त्या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची अखेरची अनेक वर्षे संपूर्ण शास्त्र साध्या मराठीत आणण्यात घातली. प्रचलित भाषांतर संस्कृत शब्दांनी जड झाले आहे, साध्या बायांना ते कळत नाही, हे त्यांचे दुःख होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि ग्रंथ १९२४ साली निघाला. "मराठी आहे ना, मग पुरे" असे म्हणणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे: अडाणी बायांना सोपे मराठी मिळावे म्हणूनच एक बाई ग्रीक शिकली.

धारवाडकरांना तर हे समजावून सांगावे लागू नये. द. रा. बेंद्रे आपल्याच साधनकेरीचे. घरची भाषा मराठी, पण कविता कन्नडमध्ये. त्यांची कविता भाषांतरात वाचणाऱ्याला अर्थ मिळतो, पण नाद आणि शब्दांचा खेळ हाती लागत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. बेंद्रेंसाठी आपण "मूळ कन्नडमध्येच वाचा" असा आग्रह धरतो. मग पौलासाठी आणि योहानासाठी का नाही?

मूळ वाचले की काय मिळते? एक घास चाखून पाहा. प्रभूच्या प्रार्थनेतली भाकरीची मागणी घ्या. मत्तयाच्या ग्रीकमध्ये तेथे क्रियापद आहे "दोस", म्हणजे आज, या वेळी, दे. लूकमध्ये तेच क्रियापद "दिदू" या रूपात येते, म्हणजे दिवसामागून दिवस देत राहा. एकात आजच्या भुकेची हाक आहे, दुसऱ्यात जन्मभराचा भरवसा. आणि "रोजची" असे आपण ज्या शब्दासाठी म्हणतो तो "एपिऊसिओस" हा शब्द इतका विरळा आहे की तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, असे ओरिगेन यांनी तिसऱ्या शतकात लिहून ठेवले. लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थनेत एवढे दडलेले आहे.

मार्काचे शुभवर्तमान उघडा. घडून गेलेली गोष्ट सांगताना तो सुमारे १५० वेळा वर्तमानकाळ वापरतो. येशू येतो, म्हणतो, हात धरतो. भाषांतरात त्याचा बहुधा भूतकाळ होतो. पण आपली आजी गोष्ट कशी सांगते? "तो येतो, बघतो, तर दारात कोण उभं!" मार्क आजीसारखा बोलतो. योहान सांगतो की शब्द देह झाला आणि आपल्यात राहिला. त्या राहण्यासाठी त्याने तंबूवरून आलेले क्रियापद वापरले आहे. गावाबाहेरच्या माळावर मेंढरांमागे हिंडणाऱ्यांची पाले आपण पाहतो. देवाने आपल्यात पाल ठोकले, असे ते चित्र आहे.

म्हणून तिसरे उत्तर, पाचव्या भाषेचे ओझे. चार भाषा रोज हाताळणारा माणूस पाचवीला भ्यावा, हे आम्हाला पटत नाही. आपण तर यासाठी तयारच बसलो आहोत. इंग्रजाला लिंगे घोकावी लागतात. मराठी माणसाला तो-ती-ते जन्मापासून ठाऊक. आपण "ते मूल" म्हणतो, ग्रीकमध्येही मूल नपुंसकलिंगीच आहे. शब्दांची भाऊबंदकी तर पाहा: पितृ आणि "पातेर", मातृ आणि "मेतेर", नाम आणि "ओनोमा", द्वार आणि "थुरा", सप्त आणि "हेप्ता", ददामि आणि "दिदोमि". माझे जू मानेवर घ्या, असे प्रभू बोलावतो. तेथे ग्रीक शब्द आहे "झुगोस". संस्कृत युग, मराठी जू आणि हा झुगोस एकाच मुळाचे. आपल्या शेतकऱ्याने बैलाच्या मानेवर ठेवलेला शब्द नव्या करारात आधीच आहे.

आकड्यांनी घाबरवणाऱ्यांना आकड्यांनीच सांगू. ग्रीक अक्षरे २४, आपल्या बाराखडीपुढे ती काहीच नाहीत. नव्या करारात वेगवेगळे शब्द सुमारे ५,४०० आहेत, पण ५० किंवा अधिक वेळा येणारे सुमारे ३१०च, आणि तेवढ्यांनी मजकुराचा जवळजवळ ८० टक्के भाग व्यापला आहे. रोज दोन शब्द घेतले तरी अर्ध्या वर्षात ते होतात. व्याकरणाला वेळ लागेल, घाम येईल, हे आम्ही लपवत नाही. पण बासेल मिशनचे लोक १८३७ साली धारवाडला आले, त्यांनी कन्नडसाठी किती घाम गाळला? फर्डिनांड किटेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली निघाला, तो कित्येक वर्षांच्या श्रमानंतर. त्यांच्या नावाचे कॉलेज धारवाडात उभे आहे. परका माणूस आपल्या शेजाऱ्याच्या भाषेसाठी आयुष्य देतो आणि आपण प्रभूच्या वचनासाठी अर्धा तास देत नाही.

आणि न शिकण्याची किंमत आपण आजच मोजत आहोत. मोबाईलवर उपदेशक येतो, "मूळ ग्रीकमध्ये असे आहे" म्हणतो आणि सगळी मंडळी गप्प बसते. कोणी सांगतो की सामर्थ्यासाठीचा शब्द "दुनामिस", म्हणजे डायनामाइट! अहो, डायनामाइट नोबेल यांनी १८६७ साली आणले. पौलाच्या डोक्यात सुरुंग कसा असेल? दुसरा सांगतो की "अगापे" हे देवाचे प्रेम आणि "फिलेओ" हे माणसाचे, हलके. पण योहानाच्या तिसऱ्या अध्यायात पिता पुत्रावर प्रीती करतो तेथे एक क्रियापद आहे, पाचव्या अध्यायात त्याच प्रीतीसाठी दुसरे. आणि जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अम्नोनाच्या तामारेवरच्या वासनेलाही अगापेच्याच कुळातला शब्द लावला आहे. थोडेसे ग्रीक येणाऱ्या एका बाईने शांतपणे दोन वचने उघडून दाखवली असती, तर भ्रम तेथेच संपला असता. अर्धवट ग्रीकवर उपाय आहे नीट ग्रीक.

प्रामाणिक पाळकाला याची भीती वाटू नये. बिरुया येथील लोकांनी पौलाचा उपदेश आनंदाने ऐकला आणि रोज शास्त्र काढून तो पडताळून पाहिला. प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांना थोर म्हटले आहे, उद्धट नाही.

वधस्तंभावरची पाटी तीन भाषांत होती: हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक. आपल्या हुबळी स्टेशनवरच्या पाटीवरही तीन भाषा आहेत, आणि येणारा जाणारा त्या वाचतो. प्रभूच्या डोक्यावरच्या पाटीतली एक तरी ओळ आपल्या मुलांना वाचता यावी, एवढेच मागणे आहे. येत्या रविवारी आपापल्या कमिटीकडे अर्धा तास मागा. नाही म्हणाले तर पुढच्या रविवारी पुन्हा मागा. मागत राहा. प्रभूने मागण्याची आज्ञा दिली तेथेही ग्रीक क्रियापदाचे रूप मागत राहण्याचेच आहे.

प्रभू आपणा सर्वांना आपल्या वचनाची भूक देवो. आमेन.