एकच गल्ला, दोन मागण्या

आयकराचे वर्ष ३१ मार्चला संपत असले, तरी व्यापारी घरांतील मनाचे वर्ष दिवाळीलाच संपते. वहीपूजन होते, येणे-देणे पाहिले जाते आणि हातात काही रक्कम उरली असेल तर ती कशासाठी वापरावी याची चर्चा लक्ष्मीपूजनाच्या फराळाबरोबरच सुरू होते. मोठ्या रकमांबाबत असे वाद फारसे होत नाहीत. मोठी रक्कम मालात, जागेत किंवा मुलीच्या लग्नात आपोआप जाते. पंचवीस-तीस हजारांची शिल्लक मात्र घराला दोन भागांत विभागू शकते.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका, व्यवसाय खव्याचा. कुंथलगिरीच्या परिसरात आणि भूमच्या आसपासच्या गावांत दुधाचा खवा आटवणाऱ्या भट्ट्या आहेत. तेथील खवा दूरदूरच्या शहरांतील मिठाईवाल्यांकडे जातो. या घरी तीन पिकअप वाहने आहेत. दोन वाहने दिवसभर भट्ट्यांवरून माल गोळा करतात आणि तिसरे रात्री पुण्याकडे निघते. यंदा गल्ल्यात तीस हजार रुपये शिल्लक राहिले. थोरल्या मुलाचे म्हणणे असे की, तिन्ही वाहनांना जीपीएस बसवावे. सुनांचे म्हणणे असे की, घरातील जुना टीव्ही वर्षभर बंद आहे. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना मंदिरात प्रवचनाला जाता येत नाही, तेव्हा टीव्ही घ्यावा. वडील दोन्ही बाजू ऐकून गप्प बसले. अशा वेळी घरात जो युक्तिवाद हमखास ऐकू येतो तो येथेही आला: टीव्ही ही चैन, जीपीएस ही गरज.

हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही. टीव्हीवर चैनीचा शिक्का बसला तो फार जुना. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि त्यानंतर लहान शहरांत संच पोहोचू लागले. त्या काळी गच्चीवरचा अँटेना ही प्रतिष्ठेची खूण होती. संचासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागे. शासनाने ज्या वस्तूला परवाना लावला ती चैनीचीच असणार, हा समज तेव्हाच रुजला. परवाना गेला, समज राहिला. जीएसटीच्या दरांतही तो बरीच वर्षे दिसत होता. बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला.

उलट जीपीएस हे नाव ऐकले की व्यापाऱ्याला ते आपोआप कामाचे वाटते. मूळ योजना अमेरिकेच्या लष्कराची. १९८३ मध्ये कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे दगावली. त्यानंतर ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा झाली. तरीही नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली आणि मग रस्त्यावरच्या वाहनाला त्याचा खरा उपयोग होऊ लागला. भारतानेही पुढे नाविक ही स्वतःची प्रणाली उभारली.

विक्रेते एक गोष्ट क्वचितच नीट समजावून सांगतात. उपग्रह आपल्या वाहनाकडे पाहत नसतो. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून तो फक्त वेळेचा संदेश पाठवतो. वाहनातील यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून आपले ठिकाण स्वतः काढते आणि आतील सिमकार्डाद्वारे मालकाच्या मोबाइलवर कळवते. म्हणजे मालकाला मिळणारी माहिती अखेर मोबाइलच्या टॉवरवर अवलंबून. बालाघाटच्या डोंगररांगांत रेंज गेली की वाहन ॲपवर जागच्या जागी उभे दिसते, प्रत्यक्षात ते दहा किलोमीटर पुढे गेलेले असते. चांगले यंत्र मधली नोंद साठवून ठेवते व रेंज आल्यावर पाठवते. स्वस्तातले कदाचित पाठवत नाही. डिझेलची चोरीही साध्या यंत्राला कळत नाही, त्यासाठी टाकीत वेगळा सेन्सर लागतो. खरेदीपूर्वी हे दोन प्रश्न विचारलेले बरे.

आता आकडे. या घराने मागवलेल्या दरपत्रकानुसार एका वाहनाचे यंत्र बसवणुकीसह चार हजार रुपये, पहिल्या वर्षाचे सिमशुल्क त्यातच; पुढे प्रतिवर्षी दीड हजार. तीन वाहनांचे आज बारा हजार. परंतु पाच वर्षांचा हिशेब केला तर चार वर्षांच्या नूतनीकरणाचे अठरा हजार आणखी, म्हणजे एकूण तीस हजार. टीव्हीची किंमत सव्वीस हजार. वाहिन्यांचे दरमहा तीनशे धरले तर पाच वर्षांत तेही अठरा हजार, एकूण चव्वेचाळीस हजार. दोन्ही वस्तूंवर लिहिलेली किंमत आणि त्यांची खरी किंमत यांत केवढे अंतर आहे हे येथे दिसते. नूतनीकरणाचे पैसे थकल्यामुळे बंद पडलेली जीपीएस यंत्रे पुष्कळ वाहनांत आजही बसलेली आहेत. त्यांच्या मालकांनी खरेदीच्या दिवशी फक्त पहिला आकडा पाहिला होता.

तथापि या घराची खरी अडचण आकड्यांत नव्हती. घर आणि दुकान यांचा गल्ला एकच होता. त्यातूनच किराणा येई, त्यातूनच डिझेल, त्यातूनच मुलांचे शुल्क आणि भट्टीवाल्यांची उचल. त्यामुळे तीस हजारांची शिल्लक घराची की दुकानाची, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तो न विचारल्यामुळे आजीचे प्रवचन आणि वाहनाचे यंत्र एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना अधिकारी सर्वांत आधी पाहतो तो मालकाच्या उचलीचा तपशील. कारण नफ्यातला धंदाही घरखर्चाची वेगळी नोंद नसेल तर आजारी वाटतो आणि तोट्यातला धंदा सुदृढ वाटतो. जीपीएस हा धंद्याचा खर्च आहे. तो धंद्याला परवडत असेल तर धंद्याने करावा, नसेल तर घरच्या शिल्लकीतून करून धंद्यावर उपकार करण्यात अर्थ नाही. कराच्या दृष्टीनेही हे दोन खर्च सारखे नाहीत. मालवाहू वाहनावरील यंत्राचा जीएसटी, नोंदणी नियमित पद्धतीची आणि विक्री करपात्र असेल तर, वजावटीस मिळतो. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना मिळत नाही. घरच्या टीव्हीला अशी वजावट नाही, आणि तो दुकानाच्या नावे घेऊन घरी लावणे हा उपाय नव्हे.

म्हणून वडिलांनी टीव्हीचा विषय बाजूला ठेवला आणि मुलाला एक महिना वही ठेवायला सांगितली: कोणते वाहन किती उशिरा आले, का आले, त्याने नुकसान किती झाले. महिन्यानंतर वही पाहिली तेव्हा गोळा करणाऱ्या दोन वाहनांचा उशीर बहुतेक वेळा भट्टीवरच झालेला आढळला. दूध उशिरा आले, खवा तयार नव्हता, चालक थांबला. यंत्राने हा उशीर कमी होणार नव्हता. त्या वाहनांची वाट पाहण्यात वडिलांचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण आठवड्यातून दोनदा चुकत होते, हे खरे. पण त्यावर उपाय म्हणून माल तोलून घेण्याचे काम त्या वेळी धाकट्या मुलाने करावे असे ठरले. त्याला एक पैसाही लागला नाही.

रात्रीच्या वाहनाची गोष्ट वेगळी निघाली. महिन्यात बारा फेऱ्या झाल्या, दोन उशिरा पोहोचल्या. त्यांपैकी एकदा टायर फुटल्याने वाहन पहाटे अडीच तास उभे होते, चालकाच्या मोबाइलची बॅटरी संपलेली होती, पुण्याचा गिऱ्हाईक वाट पाहून निघून गेला आणि उन्हे चढेपर्यंत पडून राहिलेल्या मालापैकी साडेतीन हजारांचा खवा नाकारला गेला. वेळीच कळले असते तर गिऱ्हाइकाला थांबवता आले असते. एवढी एक खेप वाचली तरी त्या एका यंत्राचा खर्च जवळजवळ भरून निघतो.

वहीत आणखी एक नोंद होती, जी मुलाने सहज म्हणून केली होती. त्या महिन्यात रात्रीच्या चालकाला घरून व दुकानातून चौऱ्याहत्तर वेळा फोन गेले. प्रत्येकाचा मजकूर एकच, “कुठपर्यंत आलात?” निम्म्याहून अधिक वेळा त्याने तो वाहन चालवतानाच उचलला होता. मालकाचा फोन कोण टाळेल? चालत्या वाहनात हातात फोन धरणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि तो गुन्हा हे घर त्या माणसाकडून रोज दोन-तीनदा करवून घेत होते. खव्याचे नुकसान साडेतीन हजारांचे. या फोनपायी जे होऊ शकले असते त्याची किंमत वहीत मांडता येत नाही. वडिलांनी वही मिटली ती या पानावर.

एक फुकटचा मार्गही पुढे आला होता: चालकाने आपल्या मोबाइलवरून व्हॉट्सॲपचे लाइव्ह लोकेशन पाठवावे. आठ तासांपर्यंत ते चालते आणि दिवसाच्या वाहनांना ते पुरेसे आहे. रात्रीच्या वाहनाला मात्र ते नको, असे वडिलांनीच ठरवले. मोबाइल चालकाचा स्वतःचा. माल उतरवल्यावर तो कोठे चहा घेतो, कोणाकडे जातो, हे मालकाला कळण्याचे कारण नाही. यंत्र वाहनाला असावे, माणसाला नसावे. जीपीएसच्या ॲपमध्ये नकाशावर सीमा आखून ठेवण्याची सोय असते. वाहन सीमेबाहेर गेले की मालकाला सूचना येते. श्रावकाच्या व्रतांतील दिग्व्रताची आठवण देऊन घरातील तरुण मंडळी यावर हसली. परंतु दिग्व्रतात माणूस जाण्यायेण्याची मर्यादा स्वतःला घालून घेतो. येथे ती दुसऱ्याला घातली जाते, त्याला न विचारता. ती सोय बंदच ठेवण्यात आली.

हा चालक या घरात चौदा वर्षे आहे. त्याला यंत्राबद्दल आधी सांगावे की बसवल्यावर, यावर मुलाचे मत “बसवल्यावर” असे होते. वडिलांनी त्याला आधी दुकानात बोलावले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “शेठ, भरवसा राहिला नाही का?” वडिलांनी वही उघडून त्याला फोनचे पान दाखवले आणि सांगितले की यापुढे रात्री घरून कोणाचाही फोन येणार नाही, तुम्हीच काही अडले तर करा. तेच ॲप त्याच्याही मोबाइलवर टाकून द्यावे असे ठरले, म्हणजे मालकाला जे दिसते ते त्यालाही दिसेल. त्याने यंत्र वाहनात कोठे बसवायचे ती जागा स्वतः दाखवली. चार हजार रुपये दुकानाच्या खर्चात वाहन-दुरुस्तीच्या खालच्या ओळीत लिहिले गेले.

उरला तीस हजारांचा प्रश्न. दुकानाचा खर्च दुकानाने उचलल्यावर ती रक्कम घराची म्हणून मोकळी झाली आणि टीव्हीसमोर कोणी प्रतिस्पर्धी राहिला नाही. तरी परीक्षा टीव्हीचीही व्हायला हवी होती. आजीला मोबाइलवर प्रवचन दाखवून पाहिले होते. अक्षरे दिसत नाहीत, आवाज पुरत नाही, आणि तो मोबाइल सुनेचा असल्याने मध्येच वाजतो. मोठा पडदा त्यांना खरोखर उपयोगाचा होता. धाकट्या सुनेने बत्तीस इंची संच त्यांच्या खोलीत लावण्याची सूचना केली: पैसेही वाचतील आणि मुलांच्या अभ्यासात व्यत्ययही येणार नाही. हिशेबाने ही सूचना उत्तम होती. आजींनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “खोलीत लावणार असाल तर राहू द्या. खोलीत मी दिवसभर एकटीच असते.”

त्यावर कोणाला काही बोलता आले नाही. टीव्ही बैठकीतच लावायचा ठरला आहे, त्रेचाळीस इंचांचा. थोरला नातू दहावीत आहे आणि अभ्यासाचे टेबलही बैठकीतच आहे. ते टेबल आता आजीच्या खोलीत हलवायचे की नाही, यावर सध्या घरात चर्चा सुरू आहे. नातवाची त्याला हरकत नाही, कारण आजी पहाटे चारला उठते आणि त्याला उठवणारे कोणी तरी हवेच आहे.