'वैश्विक' नावाची पळवाट

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हां अध्यापकांना एक वाक्य दरवर्षी, बहुधा शेवटच्या परिच्छेदात, भेटते : 'ही कविता वैश्विक मानवी भावना व्यक्त करते.' बहिणाबाई असोत की मर्ढेकर, वाक्य तेच. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बाजारातील गाइडांत आणि नावाजलेल्या समीक्षालेखांतही ते असेच आढळते.

कवितेतील भावना सर्वांची होते, हे आम्हांला मान्यच आहे. वाद आहे तो ती कशी होते, याविषयी. स्थळ, काळ, जात, बोली गाळून टाकली की खाली निखळ 'माणूस' उरतो, असे गृहीत धरले जाते आणि वर भट्टनायकाच्या साधारणीकरणाचा दाखला दिला जातो. पण साधारणीकरण व्हायचे ते विभावादिकांचे. विभावच पुसून टाकले, तर ते कशाचे होणार? मम्मटाने तर रसाचा किंवा स्थायीभावाचा नुसता नावाने उल्लेख करणे हा रसदोष मानला आहे. 'शोक' हा शब्द लिहिल्याने शोक प्रतीत होत नाही. आमचे विद्यार्थी मात्र नेमक्या याच दोषावर गुण मिळवतात!

बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. त्यांतील जाते, चूल, पेरणी, वैधव्य हे सारे खानदेशातील लेवा बोलीत आहे. ती कविता प्रमाण मराठीत उतरवून पाहावी. आशय कदाचित उरेल. बहिणाबाई उरणार नाहीत.

खरी गोम पुढेच आहे. हा शब्द सर्वांना सारखा बहाल होत नाही. मध्यमवर्गीय कवीची सायंकाळची हुरहुर आपोआप 'वैश्विक' ठरते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तील (१९७२) भूक मात्र 'दलित जाणीव' या खणात जाते. भूक ही हुरहुरीपेक्षा कमी मानवी कधीपासून झाली? दुष्काळ, दिवाळे आणि अन्नावाचून गेलेली बायको तुकोबांच्या अभंगांतही आहे. त्यांना कोणी खणात टाकत नाही, कारण मध्ये साडेतीनशे वर्षे गेली आहेत. विजय तेंडुलकर 'गोलपिठा'ची प्रस्तावना लिहिण्यापूर्वी ढसाळांसोबत त्या वस्तीत फिरून आले होते. 'वैश्विक' म्हणून त्यांनाही घरी बसता आले असते.

निदान प्रश्नपत्रिकांतून 'वैश्विकता स्पष्ट करा' हा प्रश्न आता काढून टाकावा. त्याजागी 'या कवितेतील बोलीच्या शब्दांनी काय साधले?' असा दहा गुणांचा प्रश्न येऊ द्यावा.